पाच तासांची झोप अंगवळणी पडली असेल, तर ती पुरेशी मानावी का?

पूर्वभागकर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रात्रपाळी. वय ४६. गेली कित्येक वर्षे मला पाच तासांच्या वर झोप मिळत नाही आणि त्याहून जास्त झोपेची गरजही जाणवत नाही. नुकताच रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी आधी झोपेची चौकशी केली, याचे नवल वाटले. आमच्याकडे कमी झोपणारा तो कामाचा माणूस, अशीच समजूत आहे. झोपेचा रक्तदाबाशी आणि साखरेशी खरोखर संबंध असतो का? सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपले तर आठवड्याची भर निघते का?

जुना_वाचक

संबंध आहे, आणि तो थेट आहे. गाढ झोपेत हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तदाब दिवसाच्या तुलनेत साधारणपणे १० ते २० टक्क्यांनी उतरतो; ज्याची झोप तुटपुंजी आहे, त्याच्या रक्तवाहिन्यांना हा रोजचा विसावा अपुरा मिळतो. साखरेबाबत १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक प्रयोग बोलका आहे: ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर ओसरण्याचा वेग लक्षणीय मंदावला. शिवाय जागरणाने भूक वाढवणारे संप्रेरक चढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे उतरते, त्यामुळे पहाटे भजी-चहाची ओढ लागते ती निव्वळ जिभेची नसते. अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी किमान सात तासांची शिफारस केली. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या निकषांत झोपेचा समावेश केला.

मागावरचा

"गरज जाणवत नाही" या आपल्या वाक्यावर मी थांबलो, कारण सगळी गोम तिथेच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना दोन आठवडे रोज सहा तास, तर काहींना चारच तास झोपू दिले होते. त्यांची चाचण्यांतील कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली, पण झोप आल्याची त्यांची स्वतःची भावना मात्र थोड्याच दिवसांत स्थिरावली, म्हणजे आपण किती बिघडलो आहोत हे त्यांना कळतच नव्हते. म्हणून अंगवळणी पडणे हा पुरावा धरू नये. अत्यल्प झोपेत खरोखर ठणठणीत राहणारी माणसे असतात, परंतु ती फारच विरळ. आणखी एक गोष्ट: सलग सतरा तास जागल्यावर प्रतिक्रियेचा वेग थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका मंदावतो. धोटा अडकला म्हणून चालत्या मागात हात घालताना, किंवा पाळी सुटल्यावर दुचाकी काढताना, हे ध्यानात असावे.

सुटीच्या दिवशी लांबवलेल्या झोपेने थकवा हलका होतो, यात शंका नाही. मात्र आठवडाभर साखरेच्या चयापचयावर पडलेला ताण तेवढ्याने पुरता भरून निघत नाही.

विजापूररोड

सात तास झोपा असे सांगणे सोपे आहे, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रात्रपाळीच्या माणसाने पत्र्याच्या घरात दुपारी झोपायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते आणि भर दुपारी नेमके तेच होत नाही. यासाठी सकाळी घरी जाताना गडद चष्मा लावावा, म्हणजे उजेडामुळे मेंदू दिवस सुरू झाल्याचे मानणार नाही. आल्या आल्या अंघोळ करून, ऊन चढण्यापूर्वीच, सर्वांत थंड खोलीत खिडकीला जाड चादर लावून झोपावे. चादरींना आपल्या गावात तोटा नाही! पाळीचा शेवटचा चहा सुटण्याच्या पाच-सहा तास आधी घ्यावा. सलग झोप जमली नाही, तर सकाळी पाच तास आणि कामावर जाण्यापूर्वी दीड-दोन तास, अशी विभागणीही चालते.

पूर्वभागकर

आपल्या सर्वांचा आभारी आहे. एक सांगायचे राहिले: मी मोठ्याने घोरतो आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, असे पत्नी सांगते. याचा काही संबंध असेल का?

जुना_वाचक

हे आधी सांगायला हवे होते, दादा. झोपेत श्वास वारंवार थांबत असेल, तर प्रत्येक वेळी प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि रक्तदाब उसळतो. औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे हे कारण पुष्कळदा सापडते. अशा वेळी नुसते तास वाढवून भागत नाही. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन रात्रभराची निद्रा-तपासणी करून घ्यावी, आणि जाताना वहिनींना सोबत न्यावे, कारण रात्री काय घडते ते त्याच सांगू शकतील. तोवर झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत आणि झोपण्यापूर्वी दारूही टाळावी. दोन्हींमुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.