रॉ की जेपेग? लेण्यांतला अंधार आणि लग्नातली घाई

गोदाकाठ:
नाशिकच्या फोटोवाल्या मंडळींत हल्ली एकच ऐकू येतं: कॅमेऱ्याची जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेली आटोपशीर फाईल) इतकी छान येते, मग रॉचा (सेन्सरने टिपलेला उजेड जसाच्या तसा ठेवणाऱ्या कच्च्या फाईलचा) खटाटोप कशाला? मला हे अजिबात पटत नाही. पांडवलेण्यांत उभे राहा. आत अंधार, दाराबाहेर रखरखीत ऊन. बाहेरचं ऊन फटफटीत होऊ नये म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, कमी धरलं की आतलं कोरीव काम काळं पडतं. रॉमधून ते बऱ्यापैकी उजळता येतं. जेपेगमध्ये तेच करायला जा, डाग आणि चौकटी दिसू लागतात. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६. वर जेपेग ८×८ पिक्सेलचे तुकडे करून बारकावे गाळते. गाळलेलं परत मिळत नाही.

लग्नसराई:
लेणी जागची हलत नाहीत हो! आमच्याकडे एका लग्नाचे ढीगभर फोटो, आणि रिसेप्शन सुरू व्हायच्या आत स्क्रीनवर हवेत. प्रकाश बघून फ्लॅश लावला, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) नीट ठेवला की जेपेगवरून अल्बम सुरेख छापून येतो. पाहुण्यांपैकी कुणी पायऱ्या मोजत नाही.

सिडकोकर:
पायऱ्यांची ही तुलना सरळ नाही. रॉ उजेड जसाच्या तसा मोजते, त्यामुळे १६,३८४ पैकी निम्म्या पायऱ्या सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच (उजेड दुप्पट होतो तेवढ्या टप्प्यात) जातात. जेपेग तिच्या २५६ पायऱ्या डोळ्याला फरक कळतो तिथे वाटते. म्हणून फोटोला हातच लावायचा नसेल तर दोन्हींत फरक दिसणार नाही. आणि सेन्सरवरच उजळ भाग पूर्ण पांढरा पडून बारकावे गेले असतील, तर रॉही काही करू शकत नाही.

गोदाकाठ:
हातच लावायचा नसेल तर! पण काळारामाचा काळा दगड आणि समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, इथे हात लावावाच लागतो. संध्याकाळी रामकुंडावर पिवळे दिवे आणि मावळतीचा निळा उजेड एकत्र येतात. तिथे व्हाइट बॅलन्स चुकला की जेपेगमधली कातडी हळदीसारखी दिसते. रॉमध्ये तो नंतर ठरवता येतो. जुन्या रॉ फाईली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की नॉइजही (फोटोतले दाणेदार ठिपके) कमी निघतो, हे मी स्वतः पाहिलंय.

पाणपक्षी:
नांदूरमध्यमेश्वरला थवा उठला की माझा कॅमेरा रॉवर थोड्याच वेळात अडकतो, बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी मेमरी) भरतो. जेपेगवर बराच वेळ चालू राहतो. पंख उघडल्याचा क्षण सुटला तर उजळणार काय?

लग्नसराई:
तेच म्हणतोय मी.

सिडकोकर:
रॉ+जेपेग लावा. २०२७ च्या सिंहस्थात घाटावरून जेपेग लगेच पाठवायची, रॉ घरी आणायची. मोठं कार्ड मात्र घ्यावं लागेल. थव्यासाठी तेवढी नुसती जेपेग.

गोदाकाठ:
थव्यापुरतं मान्य. पण दोन्ही ठेवायच्या म्हणजे रॉ ठेवायचीच, आणि माझा आग्रह तेवढाच आहे. शाहीस्नानाची गर्दी पुन्हा तशीच उभी करता येणार नाही.