मदत हवी आहे: टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करायचंय
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं फोंड्याचे. मी ५२ वर्षांचा. चतुर्थी झाली की नोकरी सोडून गाडीतच संसार थाटायचा आणि देशभर हिंडायचं, हे नक्की केलंय. जुनी ट्रॅव्हलर बघून ठेवलीय. हिने तर अंगणात खडूने तेवढंच माप आखून ओटा, पलंग कुठे बसतो तेही पाहिलं!

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत. गोव्यात कुणी आरसी बुकात कॅम्पर व्हॅनची नोंद करून घेतलीय का? आधी परवानगी, की काम झाल्यावर तपासणी? एक गॅरेजवाला म्हणाला, 'कागद मागाहून बघू.' माझं मन धजेना.

शिवाय आपल्या पावसात प्लायवूड फुगतं. आतून काय लावलंत?