नानांची जीप: कटिंगला (भंगारात) द्यायची की ठेवायची
(कारेलीबाग परिवार ग्रुप, बडोदा)

शनिवार

बंडूकाका: नमस्कार सगळ्यांना. जीपचं काय ते एकदाचं ठरवा. पावसाळा तोंडावर आलाय आणि मी परत ताडपत्री बांधत बसणार नाही. छाणी रोडचा भंगारवाला काल येऊन गेला, ३४ हजार म्हणतोय, स्वतः उचलून नेईल. दुसरी एक पार्टी आहे तिला फक्त इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही अ‍ॅक्सल हवेत, ९० देतो म्हणतात, सांगाडा इथेच सोडून जाणार. सोमवारपर्यंत सांगा नाहीतर मी कोणाला तरी हो म्हणतो

बंडूकाका: आणि मागच्या वेळेसारखे अंगठे नकोत. हो किंवा नाही

अनुप (न्यू जर्सी): 👍

बंडूकाका: हेच म्हणतोय मी

सुरेशकाका: सर्वप्रथम आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.

मिलिंद: काका थांबा, कोणालाच हो म्हणू नका. ३४ हजार म्हणजे नुसता लोखंडाचा भाव आहे, जीप हजार किलोच्या आसपास भरते, तो किलोवर हिशोब करतोय. ९० वाली पार्टी तर त्याहून वाईट, जीपमधलं जे चांगलं आहे ते सगळं ती घेऊन जाणार आणि उरलेला सांगाडा उचलायला परत तुम्हालाच माणूस शोधावा लागणार

नीलिमाकाकू: मिलिंद सांगाड्यात तरी काय राहिलंय. २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी सीटपर्यंत चढलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखाली एवढं भोक पडलंय की मांजरीने पिल्लं त्यातूनच आत नेली

ओंकार: पुरात पलीकडच्या गल्लीत मगर पकडली ना, मला वाटलं ती पण जीपमध्ये ड्यूटीवर बसलीय 😂

शोभाआत्या: ओंकार नानांच्या जीपची थट्टा नको

ओंकार: बरं आत्या 🙏

शोभाआत्या: नाना पोलिसांत एमटी म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट सेक्शनला ड्रायव्हर असताना हीच जीप चालवायचे. ८६ च्या लिलावात निघाली आणि नानांनीच घेतली, तेव्हाची आईच्या बांगड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, परत सांगत नाही. पण ३४ हजार हा आकडा वाचून पोटात गोळा आला

बंडूकाका: शोभा तुझ्या पोटात गोळा येतो आणि माझ्या अंगणात डास येतात. दोन्ही खरं आहे

प्राची: 😂😂

नीलिमाकाकू: हसू नका, मागच्या वर्षी डेंग्यू आमच्याच घरात झाला होता

अनुप (न्यू जर्सी): काका मला तुमचा त्रास समजतो पण प्लीज ही जीप विकू नका, लहानपणी सुट्टीत आपण सगळे तिच्यात बसून पावागढला जायचो, नाना घाटात एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने आम्हाला शेंगदाणे द्यायचे, असं काही माझ्या मुलांना दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाहीये, जो खर्च होईल त्यातला अर्धा मी देतो

बंडूकाका: अनुप बाळा तू अमेरिकेत बसून जीप वाचवतोस. इथे नाना गेल्यापासून तिच्याभोवती झाडू मी मारतो. ओंकारने नवीन इलेक्ट्रिक गाडी बुक केलीय, ती लावायला जागा नाही, चार्जर पण त्याच भिंतीवर बसवायचाय

अनुप (न्यू जर्सी): मी फक्त भावना सांगितली

बंडूकाका: भावना सगळ्यांना आहेत. जागा मला एकट्याला आहे

(शोभाआत्या यांनी हा मेसेज हटवला)

ओंकार: आत्या काय होतं ते 👀

शोभाआत्या: काही नाही. चुकून दुसऱ्या ग्रुपचा आला

सुरेशकाका: सर्वप्रथम आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. बाकी चर्चा नंतर.

मिलिंद: सुरेशकाका आरसी नानांच्याच नावावर आहे, कोणी बदललीच नाही

सुरेशकाका: मग विकणार कोण? मृत व्यक्तीच्या नावावरची गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. फॉर्म ३१ असतो त्याला. सगळ्या वारसांची संमती लागेल.

प्राची: सुरेशकाका बरोबर बोलतायत. आणि खोलून विकायची असेल तर अजून एक आहे. गाडी कायमची बाद झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५५

बंडूकाका: पार्टी म्हणते कागद पण द्या, त्याचे वेगळे १५ देतो

मिलिंद: काका हेच हेच हेच!! त्याला कागद कशाला हवाय विचारा ना. इंजिन गिअरबॉक्स काढून नेणाऱ्याला जुन्या जीपची आरसी कशाला लागते, कुठेतरी दुसरा सांगाडा उभा करून त्यावर आपला चेसिस नंबर ठोकायला. उद्या ती जीप कुठे ठोकली किंवा पकडली गेली तर आरटीओच्या रेकॉर्डला नाव नानांचं आणि पत्ता तुमचा

नीलिमाकाकू: अगं बाई

मिलिंद: आणि अशा खिचडी जीपवर तर सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत चालणार नाही

शिल्पावहिनी: सुप्रभात 🌹 ज्याच्या मनात शांती त्याच्या घरी लक्ष्मी. पुढे पाठवा

ओंकार: वहिनी रात्रीचे नऊ वाजलेत

शिल्पावहिनी: अरे सकाळी नेट नव्हतं

रविवार

मिलिंद: दुपारी काकांकडे जाऊन आलो. काकूंनी थालीपीठ दिलं, धन्यवाद काकू. आता जे बघितलं ते नीट लिहितो, कृपया सगळ्यांनी पूर्ण वाचा मग बोला

मिलिंद: (फोटो) हे इंजिन. कंपनीचंच पेट्रोल आहे, हरिकेन. मला मनातून भीती होती की मधल्या काळात कोणीतरी डिझेल बसवलं असेल, निम्म्या जीपचं तेच झालंय. याच उंच इंजिनासाठी या मॉडेलचं, म्हणजे सीजे३बी चं, बोनेट एवढं वर उचललेलं आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. चारही प्लग काढून आत थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं, तासभर थांबलो, मग पुढून हँडल घालून बघितलं. आधी हललंच नाही. मग काका आणि मी दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा पाव फेरा फिरलं. म्हणजे जाम नाहीये. ब्लॉकमधले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चिकटलेले असू शकतात पण ते बाजूची प्लेट काढून सोडवता येतात

बंडूकाका: हो फिरलं. माझ्या समोर

मिलिंद: (फोटो) हे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमधलं ऑइल. नट उघडल्यावर आधी पाणी आलं मग हे दुधासारखं पांढरं. पुराचं पाणी आत बसलंय. हे तसंच अजून एक पावसाळा राहिलं तर गिअरला गंज लागणार, म्हणून आज सगळं काढून नवीन ऑइल भरून आलो. फ्लोअर दोन्ही बाजूंनी गेलाय हे काकूंचं खरं. पण चेसिसला हातोडीने सगळीकडे ठोकून बघितलं, आवाज ठणठणीत आहे, फक्त मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या पट्टीला, एका जागी पोकळ वाजतं

मिलिंद: (फोटो) आणि हे बघा. बोनेटच्या डाव्या बाजूला पॉलिश पेपरने हाताएवढी जागा घासली. वर नानांचा हिरवा रंग, त्याखाली पांढरा, आणि त्या पांढऱ्याच्या खालून गुजरातीत लिहिलेल्या 'पोलीस' मधला 'पो' दिसायला लागला, ब्रशने रंगवलेला. तिथेच थांबलो, पुढे घासलं तर अक्षरच जाईल. काचेच्या फ्रेमवर दिव्याच्या ब्रॅकेटची भोकं पण आहेत, नानांनी एम-सील भरून बंद केलेली

शोभाआत्या: 😢 मिलिंद तो 'पो' मला आठवतो

प्राची: वाव

अनुप (न्यू जर्सी): हे फोटो बघून मी ऑफिसमध्ये रडतोय

ओंकार: रविवारी ऑफिस?

अनुप (न्यू जर्सी): ओंकार गप

सुरेशकाका: इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी जुळतो का? फोटो सुंदर आहेत पण सर्वप्रथम आरसी बुक पाहावे.

नीलिमाकाकू: आरसी बुक सापडत नाहीये. पुरात खालची लोखंडी पेटी भिजली होती

बंडूकाका: झालं. कागदच नाही तर विषय संपला

प्राची: विषय नाही संपत काका, डुप्लिकेट मिळतं, फॉर्म २६, पोलिसांत हरवल्याची नोंद द्यावी लागेल

ओंकार: पोलीस जीपचं बुक हरवलं म्हणून पोलिसांत तक्रार, साहेबच म्हणतील आमची गाडी परत द्या 😂

शोभाआत्या: थांबा. एक पाकीट माझ्याकडे आहे. आई शेवटी माझ्याकडे मांजलपूरला होती तेव्हा तिच्या ट्रंकेतलं सगळं इकडेच आलं. बघते

(साडेनऊ)

शोभाआत्या: (फोटो) आरसी बुक आणि लिलावाची पावती दोन्ही आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आईच्या नऊवारीच्या घडीत ठेवलेलं होतं. जुना तीन अक्षरी नंबर. नोंदणी १९६८ ची

मिलिंद: आत्या!!!!

मिलिंद: इंजिन नंबर जुळतोय. वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकवर कोरलेला आहे, दुपारी कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतला होता. एकूण एक आकडा तोच

सुरेशकाका: उत्तम. मी हेच सांगत होतो.

प्राची: आता माझं ऐका कारण हे महत्त्वाचं आहे. १५ जुलै २०२१ ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ असलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीला फी २० हजार, मुदत १० वर्षं, मग परत करायची तर ५ हजार. ज्यांची आधीच नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे नानांचा नंबर राहील. इंजिन एकदा त्या पार्टीला दिलं की हे दार बंद, नंतर दुसरं इंजिन आणून बसवलं तरी ही जीप ती जीप नाही

बंडूकाका: मग फ्लोअर बदलला तर चालतो का? सोयीचा नियम तेवढा सांगू नकोस

प्राची: बरोबर प्रश्न आहे काका. राज्याची समिती गाडी तपासते आणि तीच ठरवते. म्हणूनच फ्लोअरला ठिगळ लावायचं, बॉडी बदलायची नाही. आणि हे पण आधीच सांगते, व्हिंटेज नोंदणी झाल्यावर ती रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर

ओंकार: मग उपयोग काय, लाल दिवा लावून गरब्याला तर जाता येईल ना

प्राची: दिवा विसर. २०१७ मध्ये मंत्र्यांच्या गाडीवरचे उतरले. आणि खाजगी गाडीवर पोलीस लिहून रस्त्यावर गेलास तर खरे पोलीस घेऊन जातील

अनुप (न्यू जर्सी): २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २१ गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा शो झाला होता ना, तसं काही परत आलं तर आपली जीप तिथे उभी राहू शकते

प्राची: मी गेले होते त्याला. तिथे राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुढे लोक फोटो काढत होते, छानच होत्या. पण बडोद्याच्या एका हवालदार ड्रायव्हरने स्वतः चालवलेली आणि मग स्वतःच विकत घेतलेली जीप, कागदांसकट, असं तिथे काही मला दिसलं नाही

बंडूकाका: हे सगळं ठीक. नाना माझे पण वडील होते हे कोणी विसरू नका. मी भंगारवाल्याला बोलावलं म्हणजे मला काही वाटत नाही असं नाहीये, त्यांच्या शेवटच्या वर्षात रोज संध्याकाळी त्यांना धरून त्या सीटवर मीच बसवायचो, तेव्हा ग्रुपवर कोणी नव्हतं. मला एवढंच सांगा की उद्यापासून तिची जबाबदारी कोणाची, नाव कोणाचं, पैसे कोणाचे आणि ती उभी कुठे राहणार

शोभाआत्या: बंडू तसं कोणी म्हणत नाहीये रे

शोभाआत्या: नाव माझं लाव. मी सही देते, कागद माझ्याकडेच आहेत

सुरेशकाका: मी पण संमती देतो. मिलिंदने त्याच्या आईची सही घ्यावी, दादाचा हिस्सा त्यांच्याकडे येतो.

मिलिंद: आई आत्ता शेजारीच आहे, हो म्हणाली

मिलिंद: जागेचं असं. मकरपुरा जीआयडीसीत आमच्या शेडच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली एक गाडी राहील एवढी जागा आहे, शेठना विचारलं, दिवाळीपर्यंत हो म्हणालेत. फ्लोअरचा पत्रा मी स्वतः कापून वाकवून वेल्ड करतो, मजुरी शून्य, फक्त पत्रा आणि गॅस. या जीपचे ब्रेक, कार्बोरेटरचे किट, रबर, पाटे अजून सहज मिळतात, आत एकही कॉम्प्युटर नाही जो बिघडेल. टायर मात्र पाचही नवे लागतील आणि वायरिंग पूर्ण

बंडूकाका: आणि दिवाळीपर्यंत नाही झालं तर?

मिलिंद: तर आख्खी जीप कागदासकट, कायदेशीर ट्रान्सफर करून, जो तशीच उभी करेल त्याला विकू, लेखी देतो. पण सुटे पार्ट नाहीत. काका माझं एवढंच म्हणणं आहे की विकायचीच झाली तरी अख्खी विका. अशी इंजिनपासून पावतीपर्यंत सगळं एकाच गाडीचं असलेली जीप मी तरी गावात दुसरी बघितली नाही

बंडूकाका: लेखी कशाला, तू नानांवर गेलायस. चालेल

नीलिमाकाकू: पार्टीला मी फोन करून नाही सांगते, यांना नाही म्हणता येत नाही

अनुप (न्यू जर्सी): पैसे आज पाठवतो, मिलिंद अकाउंट दे

सुरेशकाका: हिशोब ग्रुपवर टाकावा. प्रत्येक पावती.

मिलिंद: टाकतो काका. शुक्रवारी सकाळी क्रेन सांगितलीय, आठला. काका हवा भरून बघा एका तरी टायरमध्ये राहते का. ओंकार तू जॅक, चार विटा आणि दोन जण घेऊन ये, आणि उचलायच्या आधी ती मांजर पिल्लांसकट बाहेर काढ

ओंकार: मांजर मी नाही काढणार

नीलिमाकाकू: मी काढते. पोहे करते, किती जण येणार ते गुरुवारी सांगा