मदत हवी आहे: ब्रेक दाबला की ट्रेलरची टेल लाइट विझते

जुनीजीप: फ्यूज चांगले, बल्ब नवे टाकले, तरी तेच. संध्याकाळी निघायचंय. काय बदलू?

तारवाला: आधी सांगा: एका बाजूची विझते की दोन्ही? हेडलाइट चालू असताना की बंद? ट्रेलर सोडल्यावर जीपचे दिवे ठीक लागतात का? किती पिनचं सॉकेट?

भन्नाट: सगळं एलईडी करून टाका. कटकट संपली.

फिलामेंट: बल्ब चुकीचा बसलाय. 21/5 वॉटच्या (ब्रेकसाठी 21, टेलसाठी 5, अशा दोन फिलामेंटच्या) बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या खाली-वर असतात. समान खुंट्यांचा एका फिलामेंटचा बल्ब जबरदस्तीने बसवला तर तळाचे दोन्ही कॉन्टॅक्ट एक होतात.

जुनीजीप: दोन्ही बाजू. हेडलाइट चालू असतानाच. 12 व्होल्ट, 7 पिन. ट्रेलर सोडला की जीप एकदम ठीक. आणि हो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतात, हे लिहायचं राहिलं.

तारवाला: हेच तर आधी हवं होतं! ट्रेलरची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर, तुटली आहे. अर्थ नसली तरी टेल लाइट लागते, कारण करंट ट्रेलरच्या ब्रेक फिलामेंटमधून उलटा जीपकडे जातो आणि तिथल्या ब्रेक बल्बमधून बॉडीला मिळतो. ब्रेक दाबला की त्या तारेतही 12 व्होल्ट, मग जायला वाट कुठली? उरते फक्त इंडिकेटरची, म्हणून ते मिणमिणतात.

मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल ट्रेलरच्या बल्ब होल्डरच्या बॉडीला. दिवे लावून ब्रेक दाबा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक.

सावकाश: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर प्लेटांच्या वर आहे ना, तेही बघा.

फिलामेंट: त्याचा इथे काय संबंध? बरं, दोन्ही बाजूंना होतंय म्हणजे बल्ब नाही, माझा मुद्दा मागे.

गोळाकडी: अर्थ वेगळी कशाला? ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकवतो त्या हिच-बॉलमधून मिळतेच की.

तारवाला: बॉलवर ग्रीस, त्यावर बसणाऱ्या कपलिंगला रंग, शिवाय वळणावर हलतं. स्वतंत्र 2.5 चौरस मिमी वायरच हवी.

जुनीजीप: 8.4 व्होल्ट आले.

तारवाला: मग अर्थची पिन 3, पांढरी वायर तपासा. जीपच्या सॉकेटमध्ये पिन 3 आणि बॅटरी पॉझिटिव्ह यांच्यात 21 वॉटचा बल्ब जोडा. पूर्ण पेटला तर दोष ट्रेलरकडे. नुसत्या मीटरवर विसंबू नका, वायरमधला एक धागा शिल्लक असला तरी तो 12 दाखवतो.

जुनीजीप: पूर्ण पेटला. ट्रेलरच्या चॅसीवरचा रिंग टर्मिनल (अर्थ वायरच्या टोकाची, नटखाली बसणारी कडी) गंजून हातात आला.

तारवाला: चॅसी चकाकेपर्यंत घासा, नवा टर्मिनल वायरवर दाबून बसवा (क्रिंप करा), दातेरी वॉशर घाला आणि नट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. घासायच्या आधी नको.

जुनीजीप: झालं! टेल, ब्रेक सगळं ठीक. पण आता ट्रेलर जोडला की इंडिकेटर भराभर लुकलुकतो.

फिलामेंट: फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) जुना, आतली पट्टी तापून चालणारा असेल. एका बाजूला आधी दोन 21 वॉट, म्हणजे 3.5 अँपिअर. आता ट्रेलरचाही बल्ब खरा पेटतोय, 5.25 अँपिअर, पट्टी लवकर तापते. तीन बल्बचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला.

भन्नाट: किंवा ट्रेलरला एलईडी इंडिकेटर. लोड जवळजवळ वाढतच नाही.

तारवाला: या वेळी बरोबर बोललात.

गोळाकडी: बॉल तरी पुसून ग्रीस लावा.