जुनी एमएक्स-५ (२००३, १.८, मॅन्युअल) घेतोय: आधी काय बघू, घेतल्यावर काय बदलू?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडात, रेडिंगजवळ राहतो. माझदा एमएक्स-५ घ्यायचं जवळजवळ ठरलंय. २००३ ची, मार्क २.५ (दुसऱ्या पिढीची, म्हणजे मार्क २ ची सुधारित आवृत्ती), १.८ इंजिन, पाच गिअर, कापडी हुड, ८२ हजार मैल. मालक २,४०० पौंड म्हणतोय, एमओटीचे (इथली दरवर्षीची सक्तीची गाडी-तपासणी) सात महिने शिल्लक आहेत. मॅन्युअलची सवय आहे, पण आजवर हातात आलेल्या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या.

बघायला गेल्यावर नेमकं कुठे बघू? पहिल्या महिन्यात काय बदलून टाकू? आणि पावसात या गाडीचं शेपूट सुटतं म्हणतात, ते कितपत खरं? एक्झॉस्ट बदलायचा आणि गाडी थोडी खाली बसवायचाही विचार आहे.

आधी_पत्रा

एक्झॉस्टचं नंतर बघू. या गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही, पत्रा देतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं आणि ही गाडी वीस वर्षं ते खात आलेली असते.

घरून निघायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा इतिहास वाचा, फुकट आहे. पास-नापास यापेक्षा ‘ॲडव्हायजरी’, म्हणजे पास करतानाही तपासनीसाने लिहिलेल्या सूचना, महत्त्वाच्या. एका वर्षी ‘सिलला गंज’ (सिल म्हणजे दाराखालचा पोकळ पत्रा) लिहिलंय, पुढच्या वर्षी तो शेरा गायब आणि वेल्डिंगचं बिल कुठेच नाही, तर वरून लांबी (पुट्टी) आणि काळा रंग मारलेला असण्याची शक्यता दाट. मैलांचे आकडेही ओळीने जुळवा.

प्रत्यक्ष बघताना दोन जागा सोडू नका.

पहिली, दाराखालचा सिल, त्यातही मागच्या चाकाच्या लगेच पुढचा वीतभर भाग. रंगाला फोड आले असतील तर आतून बाहेर आलेला गंज समजा. फ्रिजवरचं पातळ लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी आहे.

दुसरी जागा मार्क २ चीच खासियत, आणि बहुतेक जण तिथे वाकत नाहीत: पुढच्या चॅसी रेल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे पुढचे दोन लांब पत्र्याचे दांडे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) माऊंटिंगजवळ हा पत्रा एकावर एक थरांचा आहे. थरांमध्ये पाणी अडकतं, आतून कुजत जातं आणि बाहेरून बरेच दिवस काही दिसत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवा, चाकामागून टॉर्च मारा. खालची कड फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली दिसली तर रेल संपली. दुरुस्तीचा पत्रा तयार मिळतो, पण तो बसवणं ताकदीच्या वेल्डरचंच काम. आधी त्याचा भाव घ्या, मग मालकाशी बोला. रेल आणि सिल दोन्ही गेले असतील तर कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

आता गंजाचं मूळ. हुडावरचं पाणी सीटांच्या मागे, सीटबेल्टच्या खांबाजवळच्या दोन भोकांतून नळीवाटे मागच्या चाकापुढे खाली पडतं. पानं आणि चिखल बसून ती भोकं तुंबली की पाणी सिलमध्ये आणि गालिच्याखाली. मालकाची परवानगी घेऊन प्रत्येक बाजूला पेलाभर पाणी ओता. खाली तेवढंच पाणी लगेच पडायला हवं. तुंबलं असेल तर पडद्याची लवचिक स्प्रिंगवाली तार हळू फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग दुखणं वाढतं. सीटामागचा गालिचा दाबून बघायलाही विसरू नका.

जीएल_चार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी यंत्राकडे वळतो.

गाडी थंड असतानाच बघायला जा, मालकाला आधीच तसं सांगा. बॉनेट कोमट लागलं तर काहीतरी लपवायला गाडी आधीच गरम केलीय असं समजा. थंड असताना दुसरा गिअर अडखळतो, हे या गिअरबॉक्सला नवीन नाही. पण दहा-बारा मैल चालवल्यावरही तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना कर्रकन वाजत असेल तर सिंक्रो (गिअर जुळताना त्यांचा वेग सारखा करणारी रिंग) झिजलाय. क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला गाडी आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग जागच्या जागी राहिला तर प्लेट संपली.

क्लचचं नेहमीचं दुखणं मात्र प्लेट नसतं, स्लेव्ह सिलिंडर असतो, म्हणजे पेडलचा दाब तेलावाटे क्लचपर्यंत पोचवणाऱ्या जोडीतला खालचा. पेडल मऊ लागतं, खालपर्यंत जातं, मग एके दिवशी सिग्नलला पहिला गिअर पडतच नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन बोल्टांवर बसलेला असतो. त्याचं रबर किंचित उचला, आत ओल दिसली तर गेला. भाग स्वस्त आहे. पेडलकडचा मास्टर सिलिंडरही त्याच वयाचा, म्हणून जोडीने बदला, डॉट ४ ब्रेक-ऑइल भरा आणि हवा काढा. एकच बदलला तर दुसरा काही महिन्यांत रडतो.

तेलं, घेतल्या घेतल्या:

इंजिन: ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, फिल्टरसकट चार लिटरच्या आत. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलाय, काढताना तेल सबफ्रेमवर सांडणारच, आधी चिंध्या कोंबा.

गिअरबॉक्स: ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ (गिअर ऑइलची प्रतवारी, लेबलवर लिहिलेली असते). पाच गिअरच्या बॉक्सला साधारण २ लिटर. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी रसायनं जास्त असतात. सिंक्रोला पकड लागते आणि ते तेल फार निसरडं, शिवाय त्यातल्या काही प्रकारांनी पितळी रिंगही खराब होते. डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मात्र जीएल-५ च, १ लिटर. दोन्ही डबे सारखे दिसतात, लेबल दोनदा वाचा.

आणि खालचा नट खोलण्याआधी वरचा, तेल भरायचा नट सुटतो का ते बघा. गिअरबॉक्सला २४ चा पाना लागतो. तेल काढून टाकलं आणि वरचा नट जाम निघाला तर गाडी जागची हलणार नाही. भरताना गाडी सपाट हवी, भोकातून तेल परत ओघळू लागलं की थांबा.

पाच गिअरवाल्यात आणखी एक आहे. गिअरच्या दांडीखाली वेगळी छोटी तेलाची वाटी असते. आतला रबरी बूट फाटला की दांडी ढिली लागते, गरम हवा आणि आवाज वर येतो. तीन १० चे बोल्ट काढून दांडी वर घ्या, जुनं तेल सिरिंजने ओढा, ८०-९० मिली नवं घाला, बूट बदला. तासाभराचं काम, पण गिअर टाकताना गाडी वेगळीच वाटते.

टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना. ८२ हजारांच्या गाडीत तो एकदा झालेला असायला हवा, आणि झाला असला तरी कधी ते विचारा, कारण रबर वयानेही जातं. बिल दाखवलं तरच झाला, ‘मित्राने घरी केला’ म्हणजे झाला नाही. बेल्टबरोबर वॉटर पंप, टेन्शनर आणि ऑइल सील त्याच वेळी करा, मजुरी एकदाच लागते. रेडिएटरची वरची काळी प्लास्टिक टाकी तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती तडकायच्या वाटेवर आहे. तापमानाच्या सुईवर विसंबू नका, ती हलते तेव्हा उशीर झालेला असतो.

बॅटरी डिकीत आहे. बदललीत तर वायूची नळी जोडता येणारीच घ्या, नाहीतर आम्लाच्या वाफेने तिथला पत्रा खाल्ला जातो.

ओला_राउंडअबाउट

शेपटाबद्दल. सुटतं, पण निम्म्या वेळा दोष टायरचा असतो. या गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, म्हणून खाचा खोल असतात आणि रबर दगडासारखं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३२१६ म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा. दहा वर्षांकडे झुकलेला टायर खाच कितीही असो, काढा. चारही एकाच कंपनीचे घाला. चांगले दोन पुढे आणि स्वस्त दोन मागे हा प्रकार इथे अंगाशी येतो. हवा थंड टायरात २६ पीएसआय. टायरवाले सवयीने ३२ च्या वर भरतात, घरी येऊन तपासा.

मॅन्युअल येतं म्हणून एक सवय बेसावध ठेवते. पुढच्या चाकांच्या गाडीत वळणाआधी फटकन तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून क्लच सोडला तर इंजिनाचा ब्रेक पुढच्या चाकांना लागतो. इथे तो मागच्या चाकांना लागतो, आणि ब्रेक मारल्यामुळे मागचा भार आधीच हलका झालेला असतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं क्षणभर अडखळतात आणि शेपूट निघतं, आपण तर ॲक्सिलरेटरला हातही लावलेला नसतो. म्हणून ब्रेक आणि गिअर दोन्ही सरळ रस्त्यावर उरका, आणि क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला हलका टोला देऊन आरपीएम वर आणा.

वळणाच्या मध्यात घाबरून पाय एकदम काढू नका, भार पुढे झेपावतो आणि मागची पकड सुटते. राउंडअबाउटमधून बाहेर पडताना स्टेअरिंग जेवढं सरळ होईल तेवढाच पाय खाली. शेपूट निघालंच तर जिकडे जायचंय तिकडे बघा, हात आपोआप तिकडे वळतात. ब्रेक दाबू नका. जाड तळव्याचे बूटही घालू नका, पेडल जवळजवळ आहेत.

रेडिंगकर

भरभरून लिहिलंत, आभार. दोन शंका. हँडब्रेक पाच-सहा दात वर येतो असं मालक म्हणाला, केबल बदलावी लागेल का? आणि गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग स्वस्तात मिळतायत, घेऊ का?

जीएल_चार

पाच-सहा दात म्हणजे ठीकच आहे, त्याहून वर जाऊ लागला तरी केबलला हात लावू नका. आधी कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. मागच्या कॅलिपरच्या मागच्या बाजूला झाकणासारखा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीची ॲलन की बसते. चाक वर उचलून, हँडब्रेक सोडून, घड्याळाच्या दिशेने चाक अडेपर्यंत फिरवा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्या. दोन्ही बाजूंना तसंच. पॅड बदलतानाही पिस्टन मागे घ्यायला हीच की उलटी फिरवायची. क्लॅम्पने दाबून पिस्टन जाणार नाही, कॅलिपर मात्र जाईल. कॅलिपरच्या स्लाइड पिन काढून साफ करा, रबराला चालणारं ग्रीस लावा, तिथे गंजूनच ब्रेक एका बाजूला ओढतो.

जॅक लावताना जपून. सिल कुजकी असेल तर जॅकची जागाच आत चेपते. मागे डिफरन्शियलखाली आणि पुढे सबफ्रेमच्या मध्याखाली ट्रॉली जॅक लावा, आणि स्टँडशिवाय खाली शिरू नका.

आधी_पत्रा

स्प्रिंग नको. जुन्या शॉकवर बुटकी स्प्रिंग बसवली की हालचालीला जागाच उरत नाही, गाडी दर खड्ड्याला रबरी स्टॉपवर आदळते. त्याच पैशांत चारही चाकांची अलाइनमेंट करा, फरक लगेच कळेल. त्याआधी कॅम्बरचे (चाकाचा उभा कल ठरवणारे) बोल्ट फिरतात का ते दुकानदाराला विचारा. ते सस्पेन्शनच्या रबरी बुशच्या नळीत गंजून अडकतात आणि मग कापावे लागतात.

जीएल_चार

इथे थोडा मतभेद. शॉकसकट पूर्ण संच चांगल्या प्रतीचा घेतला तर गाडी खाली बसवण्यात गैर काही नाही. नुसत्या स्प्रिंगला माझाही विरोधच. एक्झॉस्टने या इंजिनात आवाज वाढतो, ताकद नावापुरती. मागचा सायलेन्सर कुजला की स्टेनलेसचा घाला, तोवर राहू द्या.

ओला_राउंडअबाउट

यातलं काहीही केलंत तर विमा कंपनीला आधी कळवा, अगदी चाकं बदललीत तरी. न सांगितलेल्या बदलावरून दावा अडतो.

लंडनला जाणं होत असेल तर नंबर टाकून युलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारं क्षेत्र) तपासा. पेट्रोल गाडीला युरो ४ हा प्रदूषणाचा निकष लागतो आणि २००३ च्या गाड्यांत तो पाळलेला असेलच असं नाही. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो (प्रशासकीय विभाग) त्यात आहेत, निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड.

व्यवहाराच्या दिवशी व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) वरचा चॅसी नंबर गाडीवरच्याशी जुळवा. जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही, विमा आणि टॅक्स दोन्ही करूनच गाडी हलवा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: भारतात कितीही वर्षं मॅन्युअल चालवली असली तरी इथली परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली असेल तर लायसन्सवर ७८ हा कोड असतो, आणि मग ही गाडी चालवता येत नाही. रेडिंगकर, तुमच्या कार्डाची मागची बाजू एकदा बघून घ्या.

रेडिंगकर

७८ नाही, बघितलं. शनिवारी सकाळी नऊची वेळ ठरलीय, बॉनेट थंड ठेवायला सांगितलंय. लोहचुंबक, टॉर्च आणि पाण्याची बाटली घेतो. रेलचे फोटो इथे टाकतो, बघून सांगा.

आधी_पत्रा

दोन्ही बाजूंचे टाका, आणि फ्लॅश लावून खालच्या कडेचे. वरून काढलेल्या फोटोत काहीच कळत नाही.