ठेवीचे चार लाख : शेअर घ्यावेत की म्युच्युअल फंड?

सदनिका 302 : सर्वांना नमस्कार. या महिन्यात आमच्या चार लाखांच्या ठेवीची मुदत संपत आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तीन कंपन्यांचे शेअर घ्यावेत, असे भाच्याचे म्हणणे आहे, तर सौ. म्युच्युअल फंडावर ठाम आहेत. दहा वर्षे या पैशांना हात लावायचा नाही. कृपया मत द्यावे.

सदनिका 104 : फंडाचा खर्च दरवर्षी तुमच्याच पैशांतून वळता होतो, हे लक्षात घ्या. 12 टक्के दराने 1 लाखाचे 20 वर्षांत सुमारे 9.65 लाख होतात, तर 11 टक्क्यांनी 8.06 लाखच. एका टक्क्याला एवढी किंमत मोजण्यापेक्षा चांगले शेअर घेऊन ठेवावेत.

सदनिका 501 : काका, हिशोब बिनचूक आहे, परंतु आपण स्वतः निवडलेले शेअरही 12 टक्के देतील, हे त्यात गृहीत धरले आहे. मी एका कंपनीचे शंभर शेअर 340 रुपयांना घेतले, भाव उतरल्यावर ‘सरासरी खाली आणू’ म्हणून 260 ला शंभर आणि 190 ला आणखी शंभर घेतले, आणि शेवटी सगळे 110 ला विकून 46 हजार रुपये घालवले. त्या काळात कंपनीचा वार्षिक अहवाल मी एकदाही उघडला नव्हता; भाव मात्र दिवसातून दहा वेळा पाहत होतो.

302 मधील दादांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट खटकते. दादा शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यात आहेत आणि त्यांचे कास्टिंग (ओतीव भाग) वाहन उद्योगालाच जाते. वाहनांची मागणी घटली की ओव्हरटाइम बंद होणार आणि नेमके तेव्हाच हे तिन्ही शेअरही पडणार. पगार आणि बचत एकाच खुंटीला का टांगावी?

सदनिका 203 : मग वाहन उद्योगाचा थीमॅटिक फंड, म्हणजे त्या एकाच उद्योगाचे शेअर घेणारा फंड घेतला, तरी तोच धोका राहील ना, भाऊजी?

सदनिका 501 : अगदी बरोबर, वहिनी. म्हणूनच मी निफ्टी 50 चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे त्या शेअर निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड सुचवेन. त्यात पन्नास कंपन्या येतात, आणि 2013 पासून उपलब्ध असलेली डायरेक्ट योजना घेतली, तर वितरकाचे कमिशन नसल्याने काकांचा खर्चाचा आक्षेपही बराचसा निवळतो. करात शेअर आणि असा फंड या दोन्हींत फरक नाही : वर्षाहून अधिक काळ ठेवून विकल्यास वर्षाला 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे 12.5 टक्के. मात्र फंडाने आतल्या आत शेअर बदलले, तर त्या नफ्यावर आपल्याला कर भरावा लागत नाही.

सदनिका 302 : सर्वांचे आभार. तीन लाख इंडेक्स फंडात बारा हप्त्यांनी घालतो. उरलेल्या एका लाखाचे शेअर घेईन, पण वाहनांशी संबंध नसलेल्या कंपन्यांचे. भाच्याला रविवारी वार्षिक अहवाल घेऊन बोलावले आहे.

सदनिका 104 : मीही येतो. कंपनीवरच्या कर्जाचे पान आधी उघडायला सांगा त्याला.