वहिनींच्या पगारातून व्यवसाय कर कापतायत, पैसे परत मिळतील का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही घणसोलीला राहतो. माझ्या वहिनी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत पॅकिंग विभागात आहेत. एकूण पगार २३,४००. काल गृहकर्जासाठी त्यांच्या पगाराच्या स्लिपा लावत बसलो होतो. प्रत्येक स्लिपवर पीएफच्या खाली एक ओळ: 'पी. टॅक्स २००'. फेब्रुवारीला ३००. म्हणजे वर्षाला पूर्ण २,५०० रुपये.

माझ्या माहितीप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. आधी ही मर्यादा १०,००० होती. बहुतेक जुनाच तक्ता सॉफ्टवेअरमध्ये राहिलाय. हिशेब बघणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांचाच कापतो, सरकारला भरतो." वहिनी म्हणतात जाऊ दे, नोकरीत वाईटपणा नको. पण त्यांच्या घरात २,५०० म्हणजे मुलीची वह्या-पुस्तकं. मला हे सोडायचं नाही.

कुणी पगारपत्रक किंवा जीएसटी-व्यवसाय कराचं काम करत असेल तर कृपया सांगा. आधीच कापलेले पैसे कंपनीने द्यायचे की राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे परतावा मागायचा? कंपनीच्या पीटीआरसी (व्यवसाय कराच्या नोंदणीच्या) नंबरवर खरंच भरणा झालाय का, हे कर्मचाऱ्याला तपासता येतं का? आणि दिवाळीच्या आधी ओव्हरटाइममुळे एका महिन्यात पगार २५,००० च्या वर गेला होता, तर कर फक्त त्याच महिन्याचा लागेल ना?

वहिनींचं नाव पुढे न येता अर्ज कसा लिहावा, हेही कुणी सुचवलं तर फार बरं होईल.